ग्लुकागॉन : अशुद्धीचें औषध कसें झालें



मधुमेह म्हणजे रक्तांतील साखर वाढण्याचा रोग, ही आपली समजूत खोटी नाहीं. परंतु ज्या घरांत इन्सुलिन टोचून घेणारें माणूस आहे, त्या घराला दुसरीहि एक भीति ठाऊक असते, आणि ती साखर उतरण्याची. इन्सुलिनची मात्रा नेहमींचीच घेतली, पण जेवण लांबलें, अथवा त्या दिवशीं चालणें अधिक झालें, कीं साखर घसरूं लागते. आधीं दरदरून घाम सुटतो, हात कांपतात, पोटांत भुकेचा खड्डा पडतो. मग बोलणें तुटक होतें, एरवीं शांत असणारा माणूस विनाकारण चिडतो, उत्तरें भलतींच देतो. एवढ्यानेंहि कोणाच्या लक्षांत आलें नाहीं तर मूर्च्छा, झटके, आणि क्वचित् मृत्यूहि. प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तांत मिळून साखर असते ती सुमारें ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदूचा सारा कारभार त्या चमच्यावर चालतो.

माणूस शुद्धीवर असेल, घोट गिळूं शकत असेल, तोंवर उपाय घरोघरीं आहे. तीन चमचे साखर पाण्यांत विरघळून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां रक्त तपासावें, साखर अजून कमीच असेल तर तेंच पुन्हां करावें. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. शुद्ध हरपली कीं तोंडाची वाट बंद होते. त्या वेळीं ओतलेलें साखरपाणी पोटांत न जातां श्वासनलिकेंत उतरण्याचा धोका असतो. मग साखर द्यावयाची कोठून? या प्रश्नाचें जें एक उत्तर निघालें त्याला ग्लुकागॉन म्हणतात. तें शास्त्रज्ञांच्या हातांत जवळजवळ इन्सुलिनच्या पाठोपाठच पडलें होतें, आणि तरीहि औषध म्हणून पेटींत यावयास त्याला सदतीस वर्षें लागलीं. तीं कां लागलीं, आणि पेटी घरांत आल्यावरहि काम कां संपलें नाहीं, हें आज सांगावयाचें आहे.

कथेचा आरंभ कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठांत होतो. १९२१ च्या उन्हाळ्यांत बँटिंग आणि बेस्ट या दोघांनीं प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडाचा अर्क काढण्याचे प्रयोग आरंभिले, व वर्ष संपण्याच्या सुमारास कॉलिप हा रसायनवेत्ता त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली टोचणी देण्यांत आली. तो अर्क इतका गढूळ होता कीं साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागीं गळूं झालें. बारा दिवसांनीं कॉलिपनें अधिक शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां मात्र मुलाची प्रकृति सुधारूं लागली. हें सर्व आपण पुष्कळदां ऐकिलें आहे. परंतु त्याच दिवसांत सशांच्या पिंजऱ्यांपाशीं जें चाललें होतें तें फारसें सांगितलें जात नाहीं.

अर्काचा जोर अजमावण्यासाठीं तो निरोगी सशांना टोचीत असत. मात्रा जास्त झाली कीं ससा अस्वस्थ होई, मग त्याला झटके येत व तो निपचित पडे. त्याच सशाच्या अंगांत द्राक्षशर्करेचें पाणी टोचलें कीं तो थोड्याच वेळांत उठून बसे. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याच औषधाचा घात, या दोहोंची ओळख एकाच खोलींत व जवळजवळ एकाच महिन्यांत झाली. एवढेंच नव्हे, तर इन्सुलिनचें पहिलें मापहि या घातावरूनच ठरलें: उपाशी सशाची साखर झटके येण्याइतकी खालीं आणील ती मात्रा प्रमाण धरण्यांत आली. इन्सुलिनच्या कुपीवर आज जो ‘युनिट’ शब्द आपण वाचतों, त्याच्या मुळाशीं तो थरथरणारा ससा आहे.

पुढच्याच वर्षीं, १९२३ सालीं, न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथें किंबॉल आणि मर्लिन हे दोघे स्वादुपिंडाच्या अर्कांतून निरनिराळे भाग वेगळे काढीत होते. हेतु अर्थातच इन्सुलिन स्वच्छ करण्याचा. त्या खटाटोपांत एक असा भाग हातीं लागला कीं जो टोचला असतां साखर उतरण्याऐवजीं चढे. इन्सुलिनच्या टोचणीनंतर पहिल्या कांहीं मिनिटांत साखर किंचित् वर जाते व मग खालीं येते, हें दिसूं लागलें होतें. त्याचें कारण हेंच असावें असें त्यांनीं ताडलें, आणि साखर हालविणारें द्रव्य या अर्थानें त्याला ‘ग्लुकागॉन’ हें नांव दिलें. नांव ठेविलें खरें, पण मूल कोणी कडेवर घेतलें नाहीं. माझ्या मतें यांत त्या काळच्या शास्त्रज्ञांना दोष देतां येत नाहीं. इन्सुलिनवांचून मुलें मरत होतीं. सगळ्यांना शुद्ध इन्सुलिन हवें होतें, आणि त्यांत साखर वाढविणारें कांहीं सांपडलें तर तें गाळून फेकून द्यावयाचा मळ, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढें पंचवीस वर्षें, जर्मनींतील एकदोन संशोधकांचा अपवाद सोडला तर, त्या मळाकडे कोणी फिरून पाहिलें नाहीं.

पाहिलें तें बेल्जममधील एका तरुण वैद्यानें. ख्रिश्चन द दूव्ह हा लूव्हाँ येथें इन्सुलिन यकृतावर कसें कार्य करतें याचा अभ्यास करीत असतांना ती पहिली किंचित् चढणारी साखर त्याच्या डोळ्यांत खुपूं लागली. कांहीं कारखान्यांच्या इन्सुलिनमध्यें हा दोष दिसे, कांहींच्यांत दिसत नसे. अर्थात् तो इन्सुलिनचा स्वभाव नसून त्यांत मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा तरी होता. महायुद्ध संपल्यावर तो अमेरिकेंत सेंट लुई येथें कोरी दांपत्याच्या विख्यात प्रयोगशाळेंत गेला, आणि तेथें सदरलंड या संशोधकाबरोबर त्यानें या द्रव्याचा ठाव घेतला. यकृताचे पातळ काप घेऊन, कोणत्या अर्कानें त्यांतून साखर सुटते हें ते मोजीत. १९४८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, हें द्रव्य स्वादुपिंडांतील ज्या बेटांतून इन्सुलिन येतें त्याच बेटांतील दुसऱ्या जातीच्या पेशींतून येत असावें, असें अनुमान होतें. हीं बेटें लांगरहान्स यानें १८६९ मध्येंच पाहून ठेविलीं होतीं. बीटा पेशींतून इन्सुलिन, व त्यांच्या शेजारच्या आल्फा पेशींतून ग्लुकागॉन. एक साखर कोठारांत भरणारा, दुसरा कोठार उघडणारा. ज्याला पंचवीस वर्षें मळ म्हटलें, तो इन्सुलिनचा सख्खा शेजारी निघाला. सदरलंडला पुढें १९७१ चें आणि द दूव्हला १९७४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. द दूव्हचें पारितोषिक मात्र पेशींच्या अंतर्रचनेवरील वेगळ्याच शोधासाठीं होतें.

हें कोठार म्हणजे आपलें यकृत. जेवणांतून आलेली साखर तें ग्लायकोजेन या रूपानें सांठवून ठेवतें. पोटभर जेवलेल्या प्रौढाच्या यकृतांत असा सांठा सुमारें १०० ग्रॅम असतो. रक्तांत एक चमचा आणि कोठारांत वीस चमचे, असा हा हिशेब आहे. निरोगी माणसाची साखर उतरूं लागली कीं ग्लुकागॉन आपण होऊन स्रवतें व कोठाराचें दार उघडतें. इन्सुलिनवर जगणाऱ्या अनेक रोग्यांत, विशेषतः लहानपणीं मधुमेह जडलेल्यांत, कांहीं वर्षांनीं हा इशारा वेळेवर उठेनासा होतो. कोठार भरलेलें, किल्ली हरवलेली. बाहेरून किल्ली द्यावी, हीच या औषधाची सारी कल्पना आहे. तें स्वतः साखर आणीत नाहीं. घरांत आहे तीच बाहेर काढतें. हा भेद लक्षांत ठेवावा, कारण औषध कधीं चालणार नाहीं याचें उत्तरहि त्यांतच आहे.

१९५३ मध्यें इंडियानापोलिस येथील लिली कंपनीच्या संशोधकांनीं ग्लुकागॉन स्फटिकरूपानें मिळविलें, आणि १९५७ पर्यंत त्याच्या साखळींतील २९ अमिनो आम्लांचा क्रमहि उलगडला. त्याची माणसावरील परीक्षा मात्र मधुमेह्यांइतकीच एका निराळ्या ठिकाणीं झाली, आणि ती जागा आज आपल्याला अस्वस्थ करणारी आहे. व्हिएन्नाच्या साकेल यानें १९३३ पासून मनोविकारांवर एक उपचार प्रचारांत आणला होता: रोग्याला मुद्दाम भरपूर इन्सुलिन देऊन बेशुद्ध करावयाचें व कांहीं वेळानें नाकांतून घातलेल्या नळीनें अथवा शिरेंतून साखर देऊन जागें करावयाचें. असें पुष्कळ दिवस ओळीनें करीत. कांहीं रोगी जागे होत नसत. हा उपचार पुढें निरुपयोगी ठरून १९५० नंतरच्या दशकांत मागें पडत गेला. परंतु त्याच्या अखेरच्या वर्षांत, झटापट करणाऱ्या रोग्याची शीर शोधीत बसण्यापेक्षां स्नायूंत ग्लुकागॉन टोचलें तर काय होतें हें तेथील डॉक्टरांनीं पाहिलें. बहुतेक रोगी दहावीस मिनिटांत साखरपाणी पिण्याइतके शुद्धीवर येत. एका चुकीच्या उपचारानें एका खऱ्या औषधाची कसोटी अशी पुरविली. १९६० सालीं अमेरिकेंत ग्लुकागॉन विक्रीस मान्य झालें.

यानंतर खरोखर कथा संपावयास हवी होती. शिरेंतून दाट साखरपाणी देणें हें शिकलेल्या हाताचें काम; सुई शिरेबाहेर गेली तर आजूबाजूचें मांस नासतें. ग्लुकागॉनला शीर लागत नाहीं. मांडीच्या बाहेरच्या अंगास टोचलें तरी पुरे. म्हणजे डॉक्टर येण्यापूर्वीं आईला, बायकोला, शाळेंतल्या मास्तरांना देतां येईल असें हें औषध. आणि तें दुसऱ्यानेंच द्यावें लागतें, कारण ज्याला तें हवें तो त्या वेळीं शुद्धीवर नसतो. साखर उतरण्याचा प्रसंग ‘तीव्र’ केव्हां म्हणावा याची आजची व्याख्याहि हीच आहे: जेव्हां दुसऱ्याच्या मदतीवांचून माणूस सांवरूं शकत नाहीं तेव्हां.

पण ग्लुकागॉनचा एक स्वभाव आडवा आला. पाण्यांत विरघळून ठेविलें कीं तें टिकत नाहीं. त्याचे तंतु बनतात व द्रव चिकट होतो. म्हणून तें कोरडी भुकटी करून एका कुपींत व पाणी वेगळें, बहुधा भरलेल्या पिचकारींत, असें ठेवावें लागलें. झांकण काढावयाचें, पाणी कुपींत सोडावयाचें, भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत कुपी हळूहळू फिरवावयाची, द्रव स्वच्छ व रंगहीन आहे ना हें पाहावयाचें, तो पुन्हां पिचकारींत ओढून घ्यावयाचा, आणि मग टोचावयाचा. रुग्णालयांतील परिचारिकेला यांत अवघड कांहींच नाहीं. पण रात्रीं दोन वाजतां पोटचा मुलगा झटके देत असतांना, वर्षापूर्वीं एकदां दाखविलेल्या या सहा कृति ज्या हातांनीं करावयाच्या, त्या हातांचा विचार कोणीं केला होता?

बराच काळ कोणींच केला नाहीं, असें म्हणावें लागतें. दरम्यान गरज मात्र वाढत गेली. अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षें १४४१ मधुमेह्यांवर एक मोठी चांचणी झाली. साखर काटेकोर आटोक्यांत ठेविली तर डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु पुष्कळ अंशीं वांचतात, हें तिनें सिद्ध केलें. आणि त्याच काटेकोरपणामुळें साखर धोक्याची उतरण्याचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढतात हेंहि सिद्ध केलें. जगभरचे डॉक्टर रोग्यांना साखर खालीं ठेवावयास सांगूं लागले, पण कपाटांतली पेटी तीच राहिली.

ती पेटी प्रत्यक्ष प्रसंगीं कशी वापरली जाते हें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दाखविलें. मूर्च्छित रोग्याच्या जागीं एक पुतळा ठेवून, मधुमेह्यांची काळजी घेणाऱ्या व आधीं शिकविलेल्या सोळा जणांना टोचणी द्यावयास सांगितली. आठ जणांना टोचणी देतांच आली नाहीं. ज्या आठांनीं दिली त्यांपैकीं पूर्ण मात्रा पुतळ्याच्या अंगांत गेली ती दोघांच्याच हातून. आणि या प्रयोगांत भाग घेतलेल्यांपैकीं तिघांनीं तर, मधुमेही आहे म्हणून, ग्लुकागॉनऐवजीं इन्सुलिनच टोचलें! हें वाचून मला हंसूं आलें नाहीं. ‘मधुमेह’ आणि ‘सुई’ हे दोन शब्द एकत्र आले कीं मनांत इन्सुलिनच येतें. भीतीनें गोंधळलेलें मन जुन्याच वाटेनें धांवतें. खऱ्या रोग्यावर अशी चूक झाली तर ती प्राणघातक ठरूं शकते.

त्याच प्रयोगांत दुसरा एक प्रकार तपासला होता: नाकपुडींत सोडावयाची कोरडी भुकटी. तिची पूर्ण मात्रा सोळांपैकीं पंधरा जणांनीं दिली, आणि तीहि सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आंत. ही ३ मिलिग्रॅमची नाकांतील भुकटी २०१९ च्या जुलैंत अमेरिकेंत मान्य झाली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पाण्याऐवजीं निराळ्या द्रावकांत टिकविलेली तयार टोचणी आली. आणि २०२१ मध्यें मूळ साखळींतील सात दुवे बदलून पाण्यांतहि टिकेल असें केलेलें डॅसिग्लुकागॉन आलें. औषध १९६० मध्यें तयार होतें. घाबरलेल्या हाताला जमेल असें तें होण्यास आणखी एकोणसाठ वर्षें गेलीं.

आतां तें सुरक्षितपणें कसें वापरावें, हें थोडें सविस्तर सांगतों, कारण इतिहासानें ज्या चुका दाखविल्या त्या आपल्याहि घरांत होण्यासारख्या आहेत. मधुमेही माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. कांदा अथवा चप्पल हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. त्याला कुशीवर वळवावें, कारण ग्लुकागॉननंतर उलटी होण्याचा संभव मोठा असतो व उताण्या माणसाची उलटी श्वासांत जाते. यंत्र जवळ असेल तर रक्त तपासावें. तें नसेल, किंवा शोधण्यांत वेळ जाणार असेल, तर इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरलीच आहे असें धरून चालावें. साखर चढलेली असतांना चुकून एक मात्रा ग्लुकागॉन दिलें गेलें तरी सहसा मोठें नुकसान होत नाहीं. उतरलेली असतांना इन्सुलिन दिलें तर मात्र होतें. प्रौढास टोचणीची मात्रा १ मिलिग्रॅम. लहान मुलाला त्याच्या वजनाप्रमाणें बहुधा अर्धी, आणि ती डॉक्टरांकडून आधींच लिहून घ्यावी. पिचकारींतलें नुसतें पाणी टोचून भुकटी कुपींतच राहण्याची चूक वारंवार घडते, तिकडे ध्यान असूं द्यावें. नाकांतली भुकटी असेल तर तिचा दट्ट्या आधीं दाबून पाहूं नये, तींत एकच मात्रा असते; रोग्यानें ती हुंगण्याची जरूर नाहीं, सर्दी असली तरी ती लागू पडते.

मात्रा देतांच, किंवा घरांत दुसरें माणूस असेल तर देत असतांनाच, १०८ अथवा ११२ वर मदत मागवावी. दहापंधरा मिनिटांत शुद्ध यावयास हवी. न आल्यास दुसरी पेटी असेल तर दुसरी मात्रा देतां येते. शुद्धीवर येऊन गिळतां येऊं लागतांच आधीं साखरपाणी व मग पोळी, बिस्किटें, भात असें कांहीं द्यावें. कारण उघडलेलें कोठार लवकर रितें होतें व औषधाचा जोर ओसरला कीं साखर पुन्हां उतरूं शकते. मधुमेहाच्या कांहीं गोळ्यांनीं साखर उतरली असेल तर ती तासनतास पुन्हांपुन्हां उतरते. असा माणूस उठून बसला तरी त्याला रुग्णालयांत नेलेंच पाहिजे.

आणि जेथें कोठारच रिकामें आहे तेथें किल्ली काय करणार? दीर्घ उपास केलेल्या, पुष्कळ दिवस नीट न जेवलेल्या, किंवा मद्य घेतलेल्या माणसावर हें औषध अपुरें पडतें; त्याला शिरेंतूनच साखर लागते. आपल्याकडे एकादशी-चतुर्थी निष्ठेनें पाळणारीं वयस्क मंडळी इन्सुलिनवर असतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. उपास करावा कीं न करावा हा त्यांचा प्रश्न. पण तो डॉक्टरांना सांगून करावा, व घरच्यांना ठाऊक असावें. अधिवृक्क ग्रंथीच्या किंवा स्वादुपिंडाच्या विशिष्ट गांठी असणाऱ्यांना हें औषध वर्ज्य असतें, तें डॉक्टर पाहतील.

राहतां राहिली पेटी. ती उन्हांतल्या मोटारींत किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवूं नये. जुन्या भुकटीच्या पेटीला साधारण २५ अंशांच्या आंतली हवा लागते, नाकांतली भुकटी ३० अंशांपर्यंत चालते. नागपूरच्या वैशाखांत हीं दोन्हीं मापें घरांतल्या घरांत ओलांडलीं जातात, तेव्हां वेष्टनावरील सूचना वाचून जागा ठरवावी. पेटीवर मुदतीची तारीख असते, ती उलटली कीं नवी आणावी; आणि जुनी टाकून देण्यापूर्वीं, घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें एकदां तिच्यावर हात बसवून, भुकटी विरघळवून पाहावी. तो द्रव मग ओतून द्यावा आणि सुई जाड भिंतींच्या डब्यांत बंद करावी.